तार, वेष्टण आणि सांधा

चतुर्थीला अंत्रूज महालातल्या आमच्या मूळ घरी तीस-पस्तीस माणसे जमतात. घर जुने, चिऱ्याच्या भिंतींचे, न्हाणीघर एकच. सकाळच्या आंघोळींची गर्दी निस्तरावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी पाणी तापवायचा २००० वॅटचा रॉड आणला आणि तो मागच्या पडवीत बादलीत लावायचे ठरवले. पडवीत जाड पिनेचा सॉकेट नव्हता. तो होता गणपतीच्या खोलीत. तिथून पडवीपर्यंत पुरेल एवढी वायर अखंड मिळेना, पण दोन तुकडे मिळाले. मी त्यांची टोके सोलली, एकमेकांत पिळली, वर काळी टेप गुंडाळली आणि वायर माटोळीच्या चौकटीवरून पलीकडे नेली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर आडवी टांगलेली लाकडी चौकट. रानातली फळे, फुले, वेली आणि आंब्याचे टाळे यांनी ती भरलेली असते.

तिसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी दर्शनाला आला. तो आता वायरमन आहे. हात जोडता जोडता तो थांबला. "सर, काहीतरी जळतंय."

"धुपाचा वास असेल रे," मी म्हटले.

त्याने वर पाहिले. काळ्या टेपला फोड आले होते आणि तिला टेकलेला आंब्याचा टाळा तपकिरी होऊन आक्रसला होता. त्याने धावत जाऊन मेन बंद केला. मी मात्र अजून माझ्याच हिशेबात होतो. म्हटले, "पण एमसीबी पडला नाही!"

"सर, एमसीबीला हे दिसतच नाही. करंट कुठे वाढलाय? सांधा तापलाय."

मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. आमच्याकडे हायस्कूलचे शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे शिकवायचे इंग्रजीतून आणि समजवायचे मराठी-कोंकणीतून, असा आमचा रिवाज. विजेचा धडा आला की मी फळ्यावर दोन रकाने आखी. एका रकान्यात सुवाहक : तांबे, ॲल्युमिनिअम, लोखंड. दुसऱ्यात दुर्वाहक : रबर, काच, चिनी माती, सुके लाकूड. मुले ते पाठ करीत, परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवीत. तिसरा रकाना मी कधीच आखला नाही. एक तार संपून दुसरी सुरू होते त्या जागेचे नाव त्या धड्यात नव्हते. माझे घर जवळजवळ पेटले ते नेमके त्याच जागी. म्हणून हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या रकान्याविषयी आहे. पण तिथे पोहोचण्याआधी पहिल्या दोन रकान्यांत मी काय अर्धवट शिकवले, तेही सांगायला हवे.

सुवाहक आणि दुर्वाहक

वीज काही पदार्थांतून जाते आणि काहींतून जात नाही, हे आज आपल्याला उघड वाटते; पण ते कोणाला तरी प्रथम दिसावे लागले. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे आणि त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर घासलेल्या काचनळीतली वीज लांबलचक दोऱ्यातून दूर नेऊन पाहत होते. दोरा त्यांनी रेशमी धाग्यांवर टांगला होता, आणि वीज दूरच्या टोकापर्यंत पोहोचत होती. पुढे वजनाने रेशमी धागा तुटला. त्याच्या जागी त्यांनी पितळेची बारीक तार बांधली, आणि वीज टोकाला पोहोचेनाशी झाली. धाग्याच्या बारीकपणामुळे वीज अडते असा त्यांचा आधी समज होता. पितळेची तारही बारीकच होती. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की वीज अडते ती रेशमामुळे, आकारामुळे नव्हे. पितळेने ती छताकडे पळवून नेली होती.

वीज अडवणाऱ्या पदार्थाला इंग्रजीत इन्सुलेटर म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'इन्सुला' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ बेट. पोर्तुगीजमधला 'इल्हा' हाही त्याच कुळातला. आमच्या तिसवाडी तालुक्याला पोर्तुगीज अमदानीत 'इल्हास', म्हणजे बेटे, म्हणत. सगळीकडून पाण्याने वेढल्यामुळे जमिनीशी संबंध तुटलेले ते बेट. तसे तारेला सगळीकडून वेढून, भोवतालच्या जगाशी तिचा संबंध तोडणारे ते इन्सुलेशन. मराठी परिभाषेत यासाठी दुर्वाहक, विसंवाहक, निरोधक, विद्युतरोधक असे अनेक शब्द फिरतात. वायरीवरच्या त्या आवरणाला मी या लेखात सरळ 'वेष्टण' म्हणतो.

धातूंत काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूला बांधलेले नसतात. व्होल्टेज लावताच ते सरकू लागतात. काचेत किंवा पीव्हीसीत असे मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात. दोहोंतला फरक थोडाथोडका नाही. एकाच आकाराचा तांब्याचा आणि काचेचा तुकडा घेतला तर काचेचा रोध तांब्याच्या रोधाच्या सुमारे एकावर अठरा-वीस शून्ये इतके पट भरतो. म्हणूनच मिलिमीटरभर जाडीचे पीव्हीसीसुद्धा घरातले २३० व्होल्ट आत कोंडून ठेवू शकते.

पण दोन रकान्यांमध्ये उभी रेघ मारली की मुलांना वाटते, प्रत्येक पदार्थ रेघेच्या अल्याड तरी आहे किंवा पल्याड तरी. तसे नसते. वर्गात आम्ही एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा घेऊन प्रयोग करायचो. मधे खिळा ठेवला की बल्ब पेटे. हिरवे पान ठेवले की पेटत नसे. मुले लिहीत, 'पान दुर्वाहक'. मी त्यावर बरोबरची खूण करी. ती माझी चूक होती. टॉर्चच्या त्या बल्बला पेटायला सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह लागतो. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअरइतका प्रवाह क्षणभर गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. जीव घेणाऱ्या प्रवाहाने तो बल्ब लालसुद्धा होणार नाही. शिवाय सेल दीड व्होल्टचा आणि घरातली वीज २३० व्होल्टची, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. हिरवे पान, ओले लाकूड, घामेजलेला हात आणि पावसात भिजलेली भिंत यांच्या बाबतीत 'बल्ब पेटला नाही' म्हणजे 'धोका नाही' असे होत नाही. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा, पण शेवटी हे वाक्य सांगायला विसरू नये.

वेष्टण कायमचे नसते

वेष्टण काही बाबतींत अन्नासारखे आहे. जपले नाही तर नासते. मूळ घरात माझ्या लहानपणी सागवानी पट्टीवर लिंक क्लिपांनी बसवलेली वायरिंग होती. वायरीला रबराचे वेष्टण आणि त्यावर सुती वीण. ती उतरवली तेव्हा वाळल्या शेवग्याच्या सालीसारखे रबर हातात मोडून आले. आत तांबे नव्यासारखे होते. तार टिकली होती, वेष्टण संपले होते.

आजच्या घरगुती वायरीवर पीव्हीसी असते. नेहमीचे पीव्हीसी तारेचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत असेल असे धरून बनवलेले असते. त्याहून अधिक तापत राहिले की ते आधी मऊ होते, मग कडक होऊन तडकते. तारेची जाडी ठरते ती यावरूनच. दिव्यांना १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर, जाड पिनेच्या सॉकेटला २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर, हा हिशेब तांबे वितळू नये म्हणून नसतो. पीव्हीसी टिकावे म्हणून असतो.

गोव्यात आणखी दोन शत्रू आहेत, ओल आणि खारे वारे. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे. पण त्यात मीठ विरघळले की ते चांगले वाहक होते. किनाऱ्याकडे उन्हाळाभर खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा आणि धुळीचा थर बसतो. पहिला शिडकावा तो थर धुऊन टाकण्याइतका जोराचा नसला तर तो नुसता ओला होतो, आणि इन्सुलेटरच्या अंगावरून वीज वाट काढू लागते. त्या इन्सुलेटरना छत्रीसारख्या झालरी असतात त्या शोभेसाठी नाहीत. वरून पाऊस पडला तरी झालरीखालचा भाग कोरडा राहावा, एवढेच त्यांचे काम.

गंमत अशी की हीच ओल आणि हेच मीठ अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मुद्दाम घालतो. तिथे मीठ, कोळसा आणि पाणी जमिनीचा रोध कमी ठेवतात. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर तिला माणसाच्या अंगातून जाण्यापेक्षा सोपी वाट मिळावी, हा हेतू. उन्हाळ्यात चिऱ्याची जमीन कोरडीठाक होते तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालायला म्हणूनच सांगतात. तेच पाणी बटणाच्या डबीत शिरले तर घात करते. पदार्थ एकच, कुठे आहे त्यावर तो मित्र की शत्रू हे ठरते.

सांध्यात काय घडते

आता तिसरा रकाना.

दोन तारा एकमेकींना टेकल्या म्हणजे पूर्णपणे भिडल्या असे आपल्याला वाटते. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक पृष्ठभाग डोंगरदऱ्यांचा असतो. दोन तारा भिडतात त्या फक्त काही शिखरांवर. जत्रेतली सगळी गर्दी देवळाच्या एका अरुंद दारातून आत जावी तसा सगळा प्रवाह त्या थोड्या बिंदूंतून जातो. सांधा घट्ट दाबला की शिखरे चपटी होऊन बिंदू वाढतात. सैल राहिला की बिंदू कमी, रोध जास्त.

माझ्या सांध्याचा हिशेब करून पाहू. २००० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याचा रोध साधारण २६.५ ओहम. सांधा सैल होऊन तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला असे धरा. अर्धा ओहम म्हणजे रॉडच्या मानाने काहीच नाही. पण उष्णता निघते ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणात. एकूण रोध वाढल्यामुळे प्रवाह आता ८.५ अँपिअर होईल. त्याचा वर्ग सुमारे ७३. अर्ध्या ओहमने गुणले की ३६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली डाग द्यायची इस्त्री पुष्कळदा २५ वॅटची असते. म्हणजे माझ्या त्या बोटाच्या पेराएवढ्या सांध्यात, टेपच्या आत, दीड इस्त्री पेटलेली होती. त्याच वेळी २.५ चौरस मिलिमीटरच्या वीस मीटर तांब्याच्या तारेत मिळून निघणारी उष्णता अवघी ११ वॅट, तीही वीस मीटरभर पसरलेली. हात लावला तर ती तार जेमतेम कोमट लागली असती.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे येतो. एमसीबी प्रवाह पाहतो. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर बराच वेळ राहिला तर आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते; शॉर्ट सर्किट होऊन तो एकदम उसळला तर आतले चुंबक खटका ओढते. माझ्या सांध्यामुळे प्रवाह वाढला नव्हता, ८.७ वरून ८.५ वर आला होता. एमसीबीच्या दृष्टीने सारे आलबेल होते. आरसीसीबी हे दुसरे उपकरण फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परतला की नाही ते पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडते. माणसाला वाचवायला ते हवेच. पण माझ्या सांध्यातून गेलेला प्रवाह इमानाने परत येत होता, म्हणून तेही गप्पच राहिले असते. घरोघरी असणारी ही दोन्ही उपकरणे सैल सांध्यापुढे आंधळी आहेत. त्याला ओळखणारी उपकरणे आपल्याजवळ आहेत ती नाक आणि डोळे : जळका वास, पिवळी पडलेली सॉकेटची तोंडे, चरचर आवाज, फडफडणारा दिवा.

सांधा एकदा तापला की स्वतःच स्वतःला बिघडवतो. तापताना धातू फुगतो, थंड होताना आकसतो, दर वेळी पकड थोडी सुटते. तापलेल्या तांब्यावर काळसर थर चढतो आणि रोध आणखी वाढतो. ॲल्युमिनिअमची गोष्ट अधिक अवघड. ते सोलताक्षणीच हवेतल्या प्राणवायूने त्याच्यावर कठीण, वीज अडवणारा पातळ थर येतो. उष्णतेने ते तांब्यापेक्षा जास्त फुगते आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरून सैल होते. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना थेट पिळले आणि त्यात आमची दमट हवा लागली, तर ॲल्युमिनिअम खाल्ले जाते. खांबावरून घरी येणारी वायर पुष्कळदा ॲल्युमिनिअमची आणि घरातली तांब्याची असते. तो सांधा त्यासाठीच बनवलेल्या दुधातूच्या लगने किंवा कनेक्टरने, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावा.

सैल सांधा नेहमी आगच लावतो असेही नाही. वादळानंतर कधी कधी वाड्यावरच्या काही घरांत दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरांत डोळे दिपतील असे पेटतात. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रलचा सांधा सुटला की असे होते. घराघरांतले व्होल्टेज समतोल राहत नाही. कुठे २३० च्या बरेच खाली जाते, तर कुठे ४०० च्या दिशेने चढते. अशा वेळी दिवे कसे पेटतात ते बघत बसू नये. मेन बंद करावा आणि वीज खात्याला कळवावे.

चांगला सांधा

त्या दिवशी विद्यार्थ्याने मला माझ्याच घराच्या ओसरीवर बसवून शिकवले. त्यातले मुद्दे त्याच्या क्रमाने देतो.

पहिली गोष्ट, सांधा टाळता आला तर टाळावा. बटणाच्या डबीपासून डबीपर्यंत वायर अखंड असावी. दुसरी, करायचाच तर मेन बंद करून, टेस्टरने पाहून, उजेडात करावा. तिसरी, वेष्टण सोलताना तारेचे धागे कापू नयेत; सात धाग्यांतले दोन कापले तर तार तिथे बारीक झाली असे समजावे. चौथी, सोललेले टोक चकचकीत हवे. काळे पडले असेल तर तेवढे कापून टाकावे. पाचवी, सांध्याला स्क्रूचा, स्प्रिंगचा किंवा दाबून बसवलेल्या लगचा कायमचा दाब हवा, आणि कनेक्टर त्या प्रवाहाला पुरेल असा हवा. सहावी, वायर ओढली गेली तर ताण सांध्यावर येऊ नये. सातवी, सांधा डबीत असावा आणि ती डबी उघडता यावी. प्लास्टरमध्ये पुरलेला सांधा उद्या कोणाला सापडत नाही.

"आणि टेप, सर," तो म्हणाला, "टेप पांघरूण आहे. पांघरुणाने मोडलेलं हाड जुळत नाही."

मी तेच केले होते. टेप गुंडाळून वेष्टण पुरे केले आणि सांधा पुरा झाला असे मानले. दुसऱ्या रकान्यातले काम केले आणि तिसऱ्यातले सोडून दिले.

सांधा हा शब्द

मी आयुष्यभर 'जॉइंट' म्हणत आलो. विद्यार्थ्याच्या तोंडून 'सांधा' ऐकला तेव्हा जाणवले की हा शब्द जास्त काम करतो. जोडणे म्हणजे दोन वस्तू जवळ आणणे. सांधणे म्हणजे त्या एकजीव करणे. सांधा धरतो, सांधा निखळतो, सांध्यात पाणी मुरते. सुताराचा सांधा, गुडघ्याचा सांधा, कौलांचा सांधा, सगळीकडे हे क्रियापद ठाऊक आहे. व्याकरणातला 'संधी' याच घरातला, आणि भाषा शिकवणाऱ्यांना माहीत आहे की मुलांच्या चुका तिथेही सांध्यावरच होतात. विजेच्या धड्यात मुलाला 'सांधा सैल आहे' असे सांगितले, तर पुढे काय होणार याचा अंदाज त्याला शब्दातूनच येतो. फेज, न्यूट्रल, अर्थिंग हे शब्द वायरमनच्या तोंडी रुळले आहेत. ते बदलायचा अट्टाहास नको. पण ज्या जागी आपल्याजवळ आधीच नेमका शब्द आहे, तिथे तो धड्यात आला पाहिजे. शब्द आला की ती जागा दिसू लागते.

ते जळके दोन तुकडे मी जपून ठेवले आहेत. एखाद्या शाळेने बोलावले की बरोबर नेतो आणि मुलांच्या हातात देतो. मुले आधी तारेकडे बघतात, मग वेष्टणाकडे. काळा डाग कुठे आहे, असे विचारले की बोट आपोआप मधल्या जागेवर जाते. मग मी फळ्यावर तिसरा रकाना आखतो.

मूळ घरी आता मागच्या पडवीत जाड पिनेचा स्वतंत्र सॉकेट आहे. मेन बोर्डापासून तिथपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अखंड गेली आहे. मध्ये एकही सांधा नाही. माटोळीवर आता फक्त फळे, फुले आणि पाने असतात.